‘उद्या’ म्हणजे नक्की कोणती तारीख?

मित्रांच्या ग्रुपवर रात्री ११:५० ला संदेश येतो: ‘उद्या सकाळी ७ ला निघू या.’ दोघंजण तो लगेच वाचतात. दोघं १२:१० ला वाचतात, म्हणजे तारीख बदलल्यावर. उरलेले दोघं झोपलेले असतात, ते सकाळी साडेसहाला डोळे चोळत फोन उघडतात आणि त्यांना ‘उद्या’ म्हणजे अजून चोवीस तास हातात आहेत असं वाटतं. त्यात त्यांचं काही चुकलेलं नाही. संदेशाच्या कोपऱ्यात वेळ छापलेली असते, पण ती बघून, हिशोब करून कोणी वाचत नाही.

हाच ‘उद्या’ बातमीत आला की जास्त घोळ होतो. पुढे पाठवलेल्या संदेशावर पाठवल्याची वेळ दिसते, मूळ लिहिल्याची नाही. चार वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिलेलं ‘आज रात्री आकाशात बघा’ आजच्या तारखेचा शिक्का घेऊन समोर येतं.

शनिवार-रविवारचे बेत आणि ‘हे वाचलंस का?’ म्हणून पाठवलेल्या बातम्या, मित्रांचे बहुतेक ग्रुप या दोन गोष्टींवर चालतात. आणि दोन्ही एकाच जागी फसतात: लिहिणाऱ्याच्या डोक्यात जे असतं ते संदेशात उतरलेलं नसतं. कधी, कुठे, कोणी सांगितलं, हे तीन प्रश्न वाचणाऱ्यावर सोडलेले असतात. पाठवणाऱ्यानं दोन मिनिटं घातली तर बाकी सगळ्यांची वाचतात, आणि बेत तडीस जायची शक्यता खरोखर वाढते.

आधी वार-तारखेबद्दल, कारण आपल्या भाषेत काळाचे शब्द जरा जपूनच वापरावे लागतात. ‘परवा’ मागचाही असतो आणि पुढचाही. वाक्यात क्रियापद असेल तर कळतं, पण ‘परवाच्या कार्यक्रमाची लिंक’ यात क्रियापदच नाही. ‘पुढच्या रविवारी’ गुरुवारी म्हटलं तर काहींना तीन दिवसांनी येणारा रविवार वाटतो, काहींना दहा दिवसांनी येणारा. ‘शनिवारी रात्री दीडला’ म्हणजे कॅलेंडरच्या दृष्टीनं रविवार. म्हणून वार आणि तारीख कायम जोडीनं लिहावी: ‘शनिवार १३’. दोन्ही लिहिल्यानं एक फायदा आपोआप होतो. लिहिणाऱ्यानं चुकून ‘शनिवार १४’ लिहिलं तर कुणीतरी लगेच विचारतं, ‘१४ तर रविवार आहे ना?’ नुसतं ‘१४ ला’ लिहिलं असतं तर चूक तशीच पुढे गेली असती. मध्यरात्रीनंतरची वेळ असेल तर दोन्ही दिवस लिहावेत: ‘शनिवार १३ ची रात्र उलटून रविवार १४ च्या पहाटे २ ला’. वाचायला लांबलचक वाटतं, पण एका दिवसाचा घोळ होऊन गेटपाशी एकट्यानं ताटकळण्यापेक्षा बरं.

सगळ्यांची सोय बघायला गेलं की बेत का मोडतो

‘सगळे कधी मोकळे आहात?’ हा प्रश्न प्रेमानं विचारलेला असतो आणि त्याच प्रश्नानं बेत मरतो. का, ते आकड्यांत बघण्यासारखं आहे. समजा सहा मित्र आहेत आणि कोणत्याही एका शनिवारी प्रत्येकजण मोकळा असण्याची शक्यता ७० टक्के आहे, एकाचं दुसऱ्यावर अवलंबून नाही. सहाही जण एकाच वेळी मोकळे असण्याची शक्यता मग ०.७ चा सहा वेळा गुणाकार, म्हणजे जेमतेम १२ टक्के. आठ जण असतील तर ६ टक्क्यांच्याही खाली. मैत्री कमी झाली, कुणाला इच्छा नाही, असं काही नसतं. गणितच विरुद्ध असतं.

आता अट बदलू. ‘सहापैकी चारजण जमले तरी जायचं.’ चार किंवा जास्त जण मोकळे असण्याची शक्यता येते ७४ टक्के. एका वाक्यानं १२ चे ७४ झाले. त्यात तीन वेगवेगळे दिवस पुढे ठेवले, तर त्यातला निदान एक तरी जमण्याची शक्यता ९८ टक्क्यांवर जाते. खऱ्या आयुष्यात सुट्ट्या, परीक्षा, लग्नसराई सगळ्यांना एकदमच येतात, त्यामुळे आकडे थोडे खाली येतील, पण कल तोच राहतो.

म्हणून बेताच्या पहिल्याच संदेशात किमान संख्या लिहावी. ज्यांना जमणार नाही त्यांनाही ते बरं पडतं. ‘माझ्यामुळे सगळ्यांचं रद्द होईल’ या ओझ्यापायी लोक नाही म्हणायचं टाळतात, शेवटपर्यंत ‘बघतो’ म्हणत राहतात आणि ऐनवेळी गळतात. चारजण पुरेत हे आधीच माहीत असेल तर नाही म्हणणारा मोकळेपणानं आणि लवकर नाही म्हणतो.

दिवस कोण निवडणार? एकानंच. पाळीपाळीनं करा, पण त्या आठवड्याचा माणूस एक असावा. त्यानं दोन किंवा तीन पर्याय ठेवावेत, त्याहून जास्त नकोत. व्हॉट्सअॅपच्या पोलमध्ये १२ पर्याय देता येतात म्हणून बाराही भरले, तर मतं पसरतात आणि कुठल्याच दिवशी चारजण जुळत नाहीत. एक सेटिंग मात्र नीट बघावं. ‘कोणकोणत्या दिवशी जमेल?’ विचारायचं असेल तर अनेक उत्तरांची परवानगी चालू हवी. ‘यातला कोणता दिवस पक्का करू?’ विचारायचं असेल तर ती बंद करावी. पहिल्या प्रश्नाला एकच मत घेतलं, तर शनिवारी आणि रविवारी दोन्ही दिवशी मोकळा असलेला माणूस एकच दिवस दाबतो आणि दुसरा दिवस उगाचच फुकट जातो. हे फार वेळा होतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही, कारण पोल दिसायला व्यवस्थितच दिसतो.

पोलमध्ये ‘मला जमणार नाही’ हा पर्याय हवाच. तो नसेल तर न दाबणारा नाही म्हणतोय की त्यानं पाहिलंच नाही, हे कळत नाही. आणि मुदत हवी: ‘बुधवार रात्री ९ पर्यंत’. मुदत संपली की एकानं निर्णय जाहीर करायचा, पुन्हा विचारायचं नाही. ‘मग ठरलं का?’ या एका प्रश्नावर पन्नास संदेश होतात आणि गुरुवारी परत पहिल्यापासून सुरुवात.

ग्रुप वेगवेगळ्या ठिकाणच्या, एकमेकांना फारसं न ओळखणाऱ्या लोकांचा असेल तर डूडलसारखी तक्ता भरायची सेवा जास्त उपयोगी पडते. ओळी-रकान्यांत कोण कधी मोकळं आहे ते एका नजरेत दिसतं. जवळच्या पाच-सहा जणांसाठी तो खटाटोप कशाला, पोल पुरतो.

बुधवारच का? हवामानाचा अंदाज हे एक कारण. अमेरिकेच्या नोआ या सरकारी संस्थेच्या म्हणण्यानुसार पाच दिवसांचा अंदाज साधारण ९० टक्के वेळा बरोबर येतो, सात दिवसांचा ८० टक्के, आणि दहा दिवस किंवा त्यापुढचा जवळपास निम्म्याच वेळा. पुढच्या आठवड्याच्या शनिवारचं पावसाचं चित्र बघून आज बेत मोडणं म्हणजे नाणेफेकीवर बेत मोडणं. बुधवारी शनिवार तीन दिवसांवर असतो, तेव्हाच्या अंदाजावर विसंबता येतं. दुसरं कारण आरक्षण. कुठे जागा, तिकीट किंवा खोली घ्यायची असेल, तर पैसे परत मिळण्याची शेवटची तारीख आधी बघायची आणि पोलची मुदत तिच्या एक दिवस आधी ठेवायची. हे उलटं झालं की एकट्याच्या खिशाला भुर्दंड, आणि मग पुढच्या वेळी कुणी पुढाकार घेत नाही.

‘चालेल’ म्हणजे येतोय का?

‘चालेल’ या उत्तरात तीन अर्थ आहेत: वेळ मला मान्य आहे, तुम्ही जा माझी हरकत नाही, आणि मी येतोय. ‘बघतो’, ‘बहुतेक’, ‘सांगतो’ ही उत्तरं त्याहून धूसर. संदेशावर दाबलेला अंगठा कधी ‘वाचलं’ असतो, कधी ‘हो’. यावर चिडण्यात अर्थ नाही, कारण बोलताना आपण आवाजावरून अर्थ लावतो आणि अक्षरांत आवाज नसतो. विचारणाऱ्यानंच प्रश्न असा विचारावा की उत्तर दोनच प्रकारचं येईल: ‘गाडीत जागा धरू का तुझी? हो किंवा नाही, बुधवार ९ पर्यंत. काहीच आलं नाही तर नाही धरतो.’ शेवटचं वाक्य महत्त्वाचं. गप्प बसण्याचा अर्थ काय धरणार, हे आधी सांगितलं की नंतर कुणी रुसत नाही.

निर्णय झाल्यावर सगळं एकाच संदेशात लिहून तो पिन करायचा. व्हॉट्सअॅपवर पिन २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवसांसाठी होतो. २४ तास निवडला आणि बुधवारी पिन केला, तर तो गुरुवारी रात्रीच निघून जातो आणि शनिवारी सकाळी सगळे ‘कुठे भेटायचं होतं?’ विचारतात. ७ दिवस निवडावा. संदेशात चूक सापडली तर तो पाठवल्यापासून १५ मिनिटांच्या आतच सुधारता येतो. त्यानंतर चूक कळली तर नवीन पूर्ण संदेश लिहावा आणि तो पिन करून जुना पिन काढावा. ‘वरच्यात ७ ऐवजी साडेसात वाचा’ असं तुटक लिहू नये, कारण पिन उघडणाऱ्याला वरचा ७ च दिसणार.

एक नमुना देऊन ठेवतो. डिसेंबरात १३-१४ च्या रात्री जेमिनिड उल्कावर्षाव ऐन भरात असतो. मिथुन राशीच्या (इंग्रजीत जेमिनाय) दिशेनं उल्का येताना दिसतात म्हणून हे नाव. १३ तारीख शनिवारी आली आहे असं धरू.

‘जेमिनिड उल्कावर्षाव बघायला. शनिवार १३ डिसेंबर रात्री ११ ला निघायचं, रविवार १४ च्या पहाटे साडेचारपर्यंत परत. मिथुन पहाटे २ च्या सुमारास सर्वांत उंच असते, त्यामुळे १ ते ३ ही मुख्य वेळ. चारजण जमले तरी जायचं. दोन गाड्या, मिळून ८ जागा. येणार असाल तर पोलवर बुधवार १० रात्री ९ पर्यंत. ढग असतील तर रद्द, ते शनिवारी दुपारी ३ ला याच ग्रुपवर सांगतो. भेटायची जागा खाली नकाशावरच्या पिनसह. आणायचं: अंथरूण, गरम कपडे, लाल उजेडाची बॅटरी.’

यात रद्द करण्याची अटही आहे आणि रद्द झालं की नाही ते कळण्याची वेळही. हा भाग लोक गाळतात. मग शनिवारी दुपारी ढग बघून प्रत्येकजण आपापला निष्कर्ष काढतो, तिघं तयार होऊन बसतात आणि दोघं दुसरीकडे जातात. हवामानावर अवलंबून असलेल्या कुठल्याही बेतात ‘कोण, किती वाजता, कुठे सांगणार’ हे आधी ठरलेलं असावं.

जागेबद्दल थोडक्यात. मोठ्या मैदानाचं किंवा इमारतीचं नुसतं नाव नकाशात टाकलं तर पिन बहुधा मध्यभागी पडतो, दारापाशी नाही. बोट दाबून धरून दाराजवळ पिन टाकावा आणि त्याच्या खाली एक ओळ लिहावी: ‘उत्तरेकडचं दार, पाण्याच्या टाकीसमोर.’ निघाल्यावर लाइव्ह लोकेशन १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तासांसाठी देता येतं. तासाचा प्रवास असेल तर ८ तासांचं द्यावं आणि पोचल्यावर हातानं बंद करावं. १ तासाचं दिलं आणि वाटेत अडकलात, तर ज्या क्षणी मित्रांना गरज असते त्याच क्षणी ते संपतं.

मित्र वेगवेगळ्या देशांत असतील आणि भेट पडद्यावरच होणार असेल तर वेळ लिहिण्याची पद्धत बदलावी लागते. ‘माझ्याकडे रात्री ९’ पुरेसं नाही, शहराचं नाव जोडावं. मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तर दुप्पट काळजी घ्यावी. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. युरोपात हे मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतं. मधल्या दिवसांत न्यूयॉर्क आणि लंडन यांच्यातलं एरवीचं ५ तासांचं अंतर ४ तासांवर येतं. कित्येक देश घड्याळ हलवतच नाहीत. दर शनिवारी ठरलेल्या वेळी भेटणारा ग्रुप याच आठवड्यांत चुकतो, आणि प्रत्येकाला वाटतं की समोरचाच उशिरा आला. कॅलेंडरचं निमंत्रण पाठवलं तर ज्याच्या-त्याच्या फोनवर ज्याची-त्याची वेळ दिसते. पाठवताना निमंत्रणातला टाइम झोन तेवढा तपासावा.

बातमी पाठवताना

आता दुसरा अर्धा भाग. मित्रानं पाठवलेली बातमी आपण अनोळखी माणसाच्या बातमीपेक्षा सहज खरी मानतो. म्हणून पाठवणाऱ्याची जबाबदारी जास्त. पहिली गोष्ट अगदी साधी: पाठवण्याआधी स्वतः उघडून वाचावी. कोलंबिया विद्यापीठ आणि फ्रान्सच्या इन्रिया संस्थेच्या संशोधकांनी २०१६ मध्ये ट्विटरवर शेअर झालेल्या बातम्यांच्या लिंक तपासल्या, तेव्हा त्यातल्या ५९ टक्के लिंकवर कधीच कोणी क्लिक केलेलं नव्हतं. मथळाच फिरत होता.

मथळा फिरण्यात एक तांत्रिक अडचणही आहे. लिंक पेस्ट केल्यावर खाली जो चौकोन येतो, चित्र, मथळा आणि दोन ओळी, तो त्या क्षणी पानावरून उचललेला असतो. नंतर संपादकांनी मथळा बदलला, बातमीत दुरुस्ती केली, तरी ग्रुपमधला चौकोन जुनाच राहतो. आणि त्या चौकोनात तारीख बहुतेक वेळा नसतेच. तारीख आपणच लिहावी लागते.

‘मंगळ चंद्राएवढा दिसणार’ हा संदेश जवळून बघू, कारण बातमी कशी सडते ते त्यात स्पष्ट दिसतं आणि त्यावर कित्येकांनी रात्रीचे बेतही आखले आहेत. २७ ऑगस्ट २००३ रोजी मंगळ पृथ्वीपासून सुमारे ५ कोटी ५७ लाख किलोमीटरवर आला होता. जवळजवळ ६० हजार वर्षांत तो इतका जवळ आला नव्हता, आणि २२८७ पर्यंत पुन्हा येणार नाही. ही बातमी पूर्णपणे खरी. तेव्हाच्या ई-मेलमध्ये लिहिलं होतं की ७५ पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून मंगळ नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या पूर्ण चंद्राएवढा दिसेल. हिशोब जुळतो: आकाशातला आकार कोनात मोजतात, एका अंशाच्या ६० कला आणि एका कलेच्या ६० विकला. मंगळाची चकती तेव्हा साधारण २५ विकला होती, चंद्राची असते सुमारे ३१ कला, म्हणजे १,८६० विकला. भागाकार येतो ७४.

पुढे पाठवता पाठवता दुर्बिणीचा भाग गळाला. फिरणाऱ्या अनेक संदेशांत वर्षही उरलं नाही, फक्त ‘२७ ऑगस्ट’ राहिलं. त्या दोन गोष्टी गेल्या आणि खऱ्या बातमीची दरवर्षी ऑगस्टमध्ये उगवणारी अफवा झाली. कुणी मुद्दाम खोटं लिहिण्याची गरजच पडली नाही. म्हणून बातमी पुढे पाठवताना वाक्यं कापू नयेत, आणि वर्ष नसलेली तारीख दिसली की थांबावं.

तपासायचं कसं? वाटतं तेवढा वेळ लागत नाही. ज्या पानावर बातमी आहे त्याच पानावर खरेपणाच्या खुणा शोधत बसण्यात हशील नाही, दुसरी टॅब उघडून बाकीचे काय म्हणताहेत ते बघणं जास्त लवकर होतं. बातमीतलं सर्वांत नेमकं नाव आणि आकडा घेऊन शोधावं, आणि शोधाच्या पर्यायांतून कालावधी निवडून सर्वांत जुना उल्लेख काढावा. फोटो असेल तर गूगल लेन्स किंवा टिनआय, या फोटोवरून तोच फोटो आणखी कुठे आहे ते शोधणाऱ्या सेवा. टिनआयमध्ये निकाल ‘सर्वांत जुने आधी’ असे लावता येतात, त्यामुळे आजच्या पुराचा म्हणून आलेला फोटो पाच वर्षं जुना असेल तर लगेच उघड होतं. काही सापडलं नाही तर फोटोच्या कडा कापून पुन्हा शोधावा, कारण वर लिहिलेला मजकूर किंवा लावलेली चौकट शोधाला चकवते. पान काढून टाकलेलं असेल तर इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये त्याची जुनी प्रत मिळू शकते.

व्हॉट्सअॅपच्या खुणाही वाचता याव्यात. एक बाण म्हणजे पुढे पाठवलेला. दोन बाण म्हणजे पाच किंवा जास्त चॅटच्या साखळीतून आलेला. असा संदेश एप्रिल २०२० पासून एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. पण बाण नाही म्हणजे संदेश मित्रानंच लिहिला असं धरू नये. मजकूर कॉपी करून पेस्ट केला की बाण जातो. स्क्रीनशॉटवर तर मूळचा मागमूसच नसतो.

स्क्रीनशॉटबद्दल माझं मत जरा कडक आहे. बातमीचा स्क्रीनशॉट पाठवूच नये. त्यात तारीख कापली जाते, मूळ पानावर जाता येत नाही, दृष्टी अधू असलेल्या मित्राच्या स्क्रीन रीडरला तो नीट वाचता येईलच असं नसतं. सगळ्यांत वाईट म्हणजे वर्तमानपत्रानं उद्या दुरुस्ती छापली तरी स्क्रीनशॉट दुरुस्त होत नाही. लिंक द्यावी. ठरावीक परिच्छेदच दाखवायचा असेल तर क्रोममध्ये तो निवडून उजवं क्लिक करावं, हायलाइटची लिंक कॉपी करण्याचा पर्याय येतो. उघडणारा थेट त्या ओळीवर पोचतो. व्हिडिओ असेल तर शेअर करताना ‘इथून सुरू’ची वेळ लावावी किंवा निदान ‘१४ व्या मिनिटापासून बघ’ एवढं लिहावं. चाळीस मिनिटांचा व्हिडिओ नुसता पाठवला तर तो कुणी बघणार नाही, हे धरूनच चालावं.

लिंक साफ करणं हे लहानसं कौशल्य आहे. पत्त्यात प्रश्नचिन्हानंतर जी लांब शेपटी येते त्यातला ‘यूटीएम’नं सुरू होणारा भाग, फेसबुकचा ‘एफबीसीएलआयडी’, यूट्यूबचा ‘एसआय’ हे कुठून, कोणाकडून आलं ते मोजण्यासाठी असतात. काढले तरी पान उघडतं. मात्र डोळे मिटून सगळी शेपटी छाटू नये. यूट्यूबच्या लांब पत्त्यात ‘व्ही’ नंतरची अक्षरं हाच व्हिडिओचा ओळखक्रमांक असतो, तो गेला की हाती काही उरत नाही. छाटल्यावर लिंक एकदा नव्या टॅबमध्ये उघडून बघायची, मगच पाठवायची.

आणि लिंकसोबत स्वतःच्या शब्दांत दोन ओळी. काय आहे, कधीचं आहे, आपल्याला का आवडलं. ‘बापरे!!’ यातून काहीच कळत नाही. उदाहरणार्थ: ‘मार्च २०२४ चा लेख, वाचायला १० मिनिटं. शेवटचा भाग वाच, आपण त्या दिवशी बोललो त्याचं उत्तर आहे.’ मित्रांमधल्या बातमीची खरी गंमत या शेवटच्या वाक्यात असते. बातमी सगळ्यांकडे असते, ती तुझ्यासाठी का निवडली हे फक्त मित्र सांगू शकतो.

आरोग्य आणि विज्ञानाच्या बातम्यांत दोन प्रश्न विचारावेत. प्रयोग कुणावर झाला, माणसांवर की उंदरांवर? मथळ्यात हे क्वचितच असतं. आणि ‘धोका दुप्पट’ म्हणजे कितीचा किती? दहा हजारांत एकाचा दहा हजारांत दोन झाला तरी दुप्पटच.

मघाच्या उल्कावर्षावाकडे पुन्हा येऊ, कारण तिथे बातमी आणि बेत एकत्र येतात. ‘ताशी १२० उल्का’ हा आकडा बातम्यांत असतो. तो पूर्ण काळोखं आकाश आणि उल्कांचा उगम थेट डोक्यावर, अशा आदर्श स्थितीसाठी काढलेला असतो. शहराच्या उजेडात त्यातल्या बहुतेक दिसतच नाहीत. हे न सांगता मित्रांना नेलं तर पहिल्या वीस मिनिटांत चार उल्का बघून ते निराश होतात, आणि त्यात एक भर म्हणजे अंधाराला डोळे सरावायलाच २० ते ३० मिनिटं लागतात. कुणी मध्येच फोन उघडला की ती मेहनत वाया. म्हणून नमुन्यात डोळ्यांचा सराव न मोडणारी लाल बॅटरी आहे आणि मुख्य वेळेच्या बऱ्याच आधी निघणं आहे. त्या वर्षी चंद्र कधी उगवतो हेही बघून लिहावं, मोठा चंद्र असेल तर तो आकाशच उजळून टाकतो. बातमी नीट वाचली की बेतातली अर्धी वाक्यं तिच्यातूनच मिळतात.

चूक झालीच तर? बेताची असो वा बातमीची, ज्या ग्रुपवर पाठवली त्याच ग्रुपवर, त्याच संदेशाला उत्तर म्हणून लिहावं: ‘हे चुकीचं निघालं. फोटो २०१९ चा आहे. मूळ इथे आहे.’ सगळ्यांसाठी डिलीट करण्याची सोय साधारण अडीच दिवस असते, पण नुसतं पुसलं तर ज्यांनी आधी वाचलं त्यांच्या डोक्यात ते तसंच राहतं. आणि मित्राची चूक दिसली तर आधी त्याला एकट्याला लिंक पाठवावी, ग्रुपवर त्याचं त्यालाच दुरुस्त करू द्यावं. बरेचजण आनंदानं करतात. घाई फक्त तेव्हाच करावी जेव्हा चुकीच्या माहितीमुळे कुणी औषध बदलेल, पैसे भरेल किंवा कुठे जायला निघेल.

बेत पार पडला की पिन काढावा, नाहीतर पुढच्या आठवड्यात कुणीतरी जुन्याच वेळेला येऊन उभं राहतं. फोटो ग्रुपवर नेहमीच्या पद्धतीनं टाकले तर ते दाबून लहान होतात. मूळ दर्जा हवा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवता येतात, फक्त तेव्हा फोटो कुठे आणि कधी काढला ही आतली माहितीही सोबत जाते, जी साध्या पाठवण्यात निघून जाते. जवळच्या ग्रुपमध्ये त्याचं काही नाही. पण घरी काढलेले फोटो असतील आणि ग्रुपमध्ये अनोळखी लोकही असतील तर आधी लोकेशन काढून टाकावं. अल्बमच्या नावात वर्ष लिहावं: ‘जेमिनिड, १३-१४ डिसेंबर’ एवढंच लिहिलं तर दोन वर्षांनी तो कुठल्या डिसेंबरचा ते कुणालाच आठवणार नाही.